राजपार्ट

‘द सी वुल्व्ज’ मी पाहायला घेतला तो मुरगाव बंदरासाठी आणि शेवटपर्यंत पाहिला तो ग्रेगरी पेकच्या चालण्यासाठी. चित्रपट १९८० चा. त्याचं चित्रीकरण गोव्यात झालं तेव्हा पेकनं साठी ओलांडली होती. भोवती रॉजर मूर, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड अशी मातब्बर मंडळी. मूर तर तेव्हा भर बहरातला जेम्स बाँड. आमच्या वर्गात बाँड गोव्यात आलाय एवढीच बातमी होती, पेकचं नाव कुणी घेतल्याचं आठवत नाही. आज तो चित्रपट लावला की हे सगळे एकत्र चालू लागतात आणि माझी नजर त्या एका उंच, ताठ पाठीच्या माणसावर जाऊन बसते. तो घाई करत नाही, रेंगाळतही नाही. पाऊल उचलण्याआधी कुठे जायचं ते त्याचं ठरलेलं असतं, आणि तिथे पोचल्यावर काय वाढून ठेवलंय याचीही त्याला थोडी कल्पना असते, असं ते चालणं आहे.

चित्रपट म्हणून तो पेकच्या पहिल्या दहांत यायचा नाही. इंग्रज कर्नल पुईच्या भूमिकेत त्याचे उच्चार मधूनच अमेरिकन होतात. गोव्याची माणसं त्यात फक्त मागे वावरतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पण गोष्ट खरी आहे, आणि ती आमच्या गोव्यातच घडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन व्यापारी जहाजं आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगावच्या आश्रयाला येऊन थांबली. गोवा पोर्तुगालचा, पोर्तुगाल तटस्थ. इंग्रजांना तिथे उघड हात घालता येईना. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना जहाजांच्या खबरा जातात, असा इंग्रजांचा संशय होता. तेव्हा लुइस पुई या अधिकाऱ्यानं माणसं निवडली ती कलकत्ता लाइट हॉर्समधली. हे हौशी घोडदळ होतं. बोअर युद्धानंतर त्यानं लढाई पाहिली नव्हती. त्यातले लोक चहाच्या, तागाच्या धंद्यातले, हिशेबनीस, दलाल, पोट सुटलेले, चष्मा लागलेले. पकडले गेले तर सरकारनं हात झटकावे अशीच ही निवड. १४ जण लाइट हॉर्सचे आणि ४ कलकत्ता स्कॉटिशचे. ९ मार्च १९४३ च्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले. जहाजाचा कप्तान मारला गेला आणि शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनीच चारही जहाजं बुडवली. या सगळ्याचा जाहीर उच्चार झाला तो १९७८ मध्ये, जेम्स लिझरच्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकातून. तोवर त्या म्हाताऱ्यांना कुणी पदक दिलं नाही की शाबासकी दिली नाही.

ते आले कशातून? बार्जमधून. फीबी नावाचं हॉपर बार्ज, गाळ उपसून नेऊन टाकायच्या कामाचं. कलकत्त्याहून ते साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून कोचीनला आलं, बाकीची माणसं रेल्वेनं तिथवर पोचली आणि मग सगळे मिळून वर गोव्याकडे निघाले. डिचोलीच्या माणसाला हा तपशील नटांपेक्षा जास्त धरून ठेवतो. माझे वडील खाणीच्या कचेरीत होते. आमच्या लहानपणी सारमानसच्या धक्क्यावर, आमोण्याला, तांबडंलाल खनिज भरून बार्जी मांडवीत उतरायच्या. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा येतो आणि दर्या खवळतो, म्हणून त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत वळून जुवारीत जायच्या आणि तिथून मुरगावला. वडिलांनी ‘सी वुल्व्ज’ पाहिला तेव्हा त्यांचं सगळं लक्ष त्या बार्जकडे. पाण्याखाली किती बसलंय, इंजिनाचा आवाज काय सांगतोय, इतक्या माणसांना आणि सामानाला घेऊन खुल्या समुद्रात ते कसं धरेल. मार्च आहे, वारा पडलेला असतो, म्हणून आले, असं ते म्हणाले. पेकबद्दल त्यांनी एकच गोष्ट सांगितली: हा बार्जवर उभा राहतो तो पाण्यावर उभं राहायची सवय असल्यासारखा.

ती सवय त्याच्या पाठीतून आली असावी, असं मला वाटतं. न्यूयॉर्कला नाट्यशिक्षण घेत असताना मार्था ग्रॅहमच्या नृत्यवर्गात पेकच्या पाठीला इजा झाली. त्यामुळे महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही. स्टुडिओच्या प्रसिद्धिखात्याला नाच ही गोष्ट पुरुषी वाटेना. त्यांनी सांगून टाकलं की कॉलेजात होडी वल्हवताना पाठ दुखावली. आणि मग याच माणसानं पुढे पडद्यावर किती युद्धं लढावीत! ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’, ‘पोर्क चॉप हिल’, ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’, ‘मॅकआर्थर’. जे खरोखर लढून आले त्यांच्यासमोर उभं राहून त्यानं त्यांची भूमिका केली. त्याच्या सैनिकांमध्ये फुशारकीचा लवलेश नसतो, त्याचं मूळ मी इथे शोधते. ज्या अनुभवावर आपला हक्क नाही त्याच्याशी तो फार अदबीनं वागतो.

‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ (१९४९) मध्ये एक जागा आहे. जनरल सॅव्हेज नव्या तळावर चाललाय. हिंमत खचलेल्या विमानदळाला ताळ्यावर आणायचं आहे. मोटारीत तो पुढे, ड्रायव्हर सार्जंटच्या शेजारी बसलेला. फाटकाच्या थोडं अलीकडे गाडी थांबवतो, उतरतो, दोघं उभ्या उभ्या सिगारेट ओढतात, साधं बोलतात. सिगारेट संपते. आता तो मागच्या सीटवर बसतो. त्या क्षणापासून तो जनरल. कपडे तेच, तोंड तेच. पाहणाऱ्याच्या मात्र अंगावर काटा येतो, कारण समोर एका माणसानं आपल्या हातानं राजपार्ट चढवलेला असतो.

माझं आजोळ पेडण्याच्या बाजूला. तुळशीचं लग्न झालं की तिकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि जत्रा म्हटलं की दशावतार. पालखीची प्रदक्षिणा व्हायची, खाज्याच्या दुकानांवरचे दिवे एकेक मंद व्हायचे, मध्यरात्र उलटून जायची आणि मग देवळासमोर मृदंगावर थाप पडायची. आम्ही मुलं तोवर गोधडीत अर्धी झोपलेली. मामा मला मात्र थाप पडण्याआधीच जागं करायचा आणि मागच्या अंगाला घेऊन जायचा. तिथे दशावतारी रंगायला बसलेले असत. प्रत्येकाच्या समोर आरशाचा तुकडा, बाजूला दिवा, स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायचं. पेटाऱ्यातून एकेक वस्तू निघे: मुकुट, तलवारी, बाहुबंद, संकासुराचा काळा पोशाख. कंपनीचा मालक बसल्या बसल्या आख्यान सांगायचा. तू राजा, तू राणी, ऋषी येतो, राज्य मागतो, पुढे असं असं होतं. बस्स. लिहिलेलं काही नाही. संवाद ज्याचे त्यानं उभ्या उभ्या घडवायचे, आणि ते पहाटेपर्यंत पुरवायचे.

राजपार्ट करणारा गृहस्थ दिवसा शेतात असायचा. आम्ही त्याला कधीकधी वाटेवर बघायचो, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, उघडा, कमरेला पंचा. रात्री तोच माणूस मागच्या अंगाला मांडी घालून बसलेला, भुवया कोरत, कुणाशी तरी भाताच्या भावाबद्दल बोलत. विडी ओढून व्हायची. मग तो उठायचा, मुकुट डोक्यावर बसवायचा आणि बोलणं थांबायचं. त्याच्याशीही कुणी बोलायचं नाही. मृदंग बदलायचा, पायपेटीवर सूर धरला जायचा आणि तो यायचा.

“बाय, तोंड नाय, पांय बघ,” मामा कानाशी म्हणायचा.

मामाचं राजाबद्दलचं मत फार पक्कं होतं. तलवारीचा नाच कोणीही करतो, पद कोणीही म्हणतो, पण राजा चालत आला की लोकांनी सरकून बसलं पाहिजे. रंगमंचावर सामान काय? एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तेच पर्वताचं शिखर, पुढे तीच चिता. राजा त्या बाकड्याभोवती फेर घेऊन यायचा, एक पाय वर ठेवायचा आणि सभेवरून नजर फिरवायचा. विनोदी पात्रं आमच्या बोलीत बोलत. प्रधान गडबडला की मालवणीवर यायचा आणि लोक हसायचे. राजा मात्र शुद्ध, वजनदार मराठीत बोलायचा, रात्रभर, एकदाही न घसरता. शेतातल्या माणसाच्या तोंडी ती भाषा कुठून यायची? शाळा त्यानं फारशी पाहिलेली नव्हती. ऐकून ऐकून, आधीच्या राजांच्या पायांशी बसून त्यानं ती कमावली होती.

एका जत्रेत हरिश्चंद्राचं आख्यान होतं. विश्वामित्र राज्य मागतो, राजा देतो. मागणीवर मागणी होत जाते. ऋषीचं काम करणारा तरुण होता, जोरात होता, टाळ्या घेत होता. राजा ऐकत राहिला. इतका वेळ तो नुसता ऐकत राहिला की पायपेटीवाल्यानं मान वर करून पाहिलं. मग त्यानं मुकुट काढला, बाकड्यावर ठेवला आणि निघाला. जाताना तेच पाय, तीच लय. खांदे पडलेले नाहीत, मान मुद्दाम ताठलेली नाही. राज्य होतं तेव्हा जसा आला तसाच राज्य नसताना गेला. देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. माझी आजी त्यांत होती.

हल्ली ट्रिकसीन आले. देव धुरातून प्रकटतो, नाग फणा काढतो, दिवे लाल-निळे होतात. गर्दी होते, कंपन्यांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला स्वतःला ते आवडत नाही. धूर विरेपर्यंत राजाचे पाय दिसत नाहीत.

पेकच्या ज्या चित्रपटांकडे मी पुन्हा पुन्हा जाते, त्यांत तो बहुधा काहीतरी गमावून चालत असतो. ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) सगळ्यांनाच पाठ आहे: व्हेस्पा, आइस्क्रीम, ‘सत्यमुख’ नावाच्या दगडी चेहऱ्याच्या तोंडात हात घालून तो बाहीत लपवणं. ही शेवटची गंमत पेकनं ऑड्री हेपबर्नला न सांगता केली आणि तिची किंकाळी खरी आहे, हेही आता सर्वांना माहीत. ती तेव्हा नवखी होती, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव आपल्या बरोबरीनं यावं असा आग्रह त्यानं धरला होता. पण मी थांबते ती अगदी शेवटाशी. पलाझो कोलोनाचं ते लांबलचक दालन. राजकन्या गेली, वार्ताहर गेले, हा एकटा उरला. खिशात हात घालून तो कॅमेऱ्याकडे चालत येतो, संगमरवरावर बुटांचा आवाज येत राहतो. एकदा मागे वळून पाहतो. तिथे कोणी नाही. मग निघून जातो. विल्यम वायलरनं त्याला इतका वेळ चालू दिलं, संगीताची घाई केली नाही, यासाठी मी त्या दिग्दर्शकाला मनोमन नमस्कार करते.

वायलरचाच ‘द बिग कंट्री’ (१९५८). समुद्रावरचा कप्तान कोरड्या पश्चिमेत येतो, आणि तिथली माणसं त्याला मर्दपणाच्या परीक्षेला बसवू पाहतात. सगळ्यांदेखत बेफाम घोड्यावर बस म्हणतात. तो नकार देतो. नंतर घरी कोणी नसताना, एकट्या रामोन नावाच्या नोकराच्या साक्षीनं, पडत-आपटत तो घोडा काबूत आणतो आणि त्याला सांगतो की हे कुठे बोलू नकोस. चार्ल्टन हेस्टनबरोबरची मारामारीही रात्री, माणसांपासून दूर, माळावर. कॅमेरा वारंवार इतका लांब जातो की हे दोन धिप्पाड नट मुंगीएवढे दिसतात. मला वाटतं, पेकच्या स्वभावाला इतकी नेमकी जागा दुसऱ्या कुठल्या चित्रपटानं दिली नाही. निर्मातेही पेक आणि वायलरच. एका प्रसंगाच्या फेरचित्रीकरणावरून दोघांचं बिनसलं. काम इतकं चांगलं झालं आणि मैत्री तुटली, हे वाचून मी हळहळले होते.

‘मॅकेनाज गोल्ड’ला मात्र मी त्याच्या चांगल्या कामांत धरत नाही. पण आपल्याकडे घरोघरी पेक पोचला तो त्यातूनच. १९६९ चा तो चित्रपट भारतात वर्षानुवर्षं परत परत लागत राहिला. म्हापशाला आम्ही घरचे सगळे मिळून गेलो होतो. सूर्य उगवतो, खडकाच्या सुळक्याची सावली वाळवंटावरून सरकत सरकत सोन्याच्या खिंडीकडे बोट दाखवते, तेव्हा थिएटरात श्वासाचाही आवाज येत नव्हता. डिचोलीच्या लोकांना डोंगरातून संपत्ती निघते हे काही कुणी सांगायला नको होतं. ट्रकांची तांबडी धूळ आमच्या परसातल्या केळीच्या पानांवर बसलेली असे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा एकदा थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या अंगणात ते ट्रक नुसते उभे राहिले. पेकचा मॅकेना नकाशा पाहून घेतो आणि जाळून टाकतो. ते दृश्य हल्ली मला जास्त समजतं.

आणि ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, १९६२ चा. यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. वकील अ‍ॅटिकस फिंच खटला हरतो. निर्दोष माणूस दोषी ठरतो, कारण तो काळा आहे. खालचं दालन रिकामं होतं. अ‍ॅटिकस कागद गोळा करतो, बॅगेत भरतो. वर सज्जात, जिथे काळ्या लोकांना बसायला लावलंय, तिथे कोणीही गेलेलं नाही. सगळे उठून उभे राहिलेत. तो निघतो. मान वर करून पाहत नाही. पाहिलं असतं तर तो मानाचा स्वीकार झाला असता, आणि हरलेल्या खटल्यावर मान कसला घ्यायचा? खालच्या मानेनं, पण मोडलेल्या नव्हे, तो दारापर्यंत जातो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यावरच्या त्या माणसांच्या आधी मला माझी आजी दिसली.

मूळ कादंबरीची लेखिका हार्पर ली हिनं आपल्या वडिलांचं खिशातलं घड्याळ पेकला दिलं होतं. ऑस्कर घेताना ते त्याच्या खिशात होतं. टॉम रॉबिन्सनची, म्हणजे त्या निर्दोष आरोपीची भूमिका करणारा ब्रॉक पीटर्स पेकचा जन्मभराचा मित्र झाला, आणि २००३ च्या जूनमध्ये पेक गेला तेव्हा अंत्यविधीत श्रद्धांजलीचं भाषण त्यानं केलं. चाळीस वर्षांपूर्वी एकानं दुसऱ्याची बाजू मांडली होती.

सज्जन माणूस उभा करणं सोपं, असं नाटकातले लोकसुद्धा म्हणतात. खलपार्टाला रंग असतो, सज्जनाला नुसतं उभं राहायचं असतं. मी हे मान्य करत नाही. पेकनं ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’मध्ये डॉक्टर मेंगेलचं दुष्ट काम केलंय, जोरकस केलंय, आणि ते त्याला जमलेलं नाही, तिथे त्याला सारखं काहीतरी करावं लागतं. अ‍ॅटिकस करताना तो ऐकतो. मुलगी विचारते, तो ऐकतो. साक्षीदार खोटं बोलतो, तो ऐकतो. इतकं ऐकणारा नट मी दुसरा पाहिलेला नाही.

‘सी वुल्व्ज’मध्ये काय कमी पडतं, तेही यातून मला कळलं. मुरगावला पेक जिंकतो. जहाजं पेटतात, म्हातारे हसत परततात, संगीत वाजतं. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’मध्येही तो आणि निव्हन असेच एका बेटावर छोटी टोळी घेऊन गेले होते, आणि तिथे विजयाच्या आधी निव्हननं त्याला भर खोलीत असे प्रश्न विचारले होते की त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. गोव्यात त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. एरेनफेल्सवरच्या त्या रात्रीनंतर तीनच वर्षांनी, १८ जून १९४६ ला, राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले आणि गोव्यातल्या लोकांनी पोर्तुगिजांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या काळावर, त्यात हरलेल्या, तुरुंगात गेलेल्या, घरी परत आल्यावर पुन्हा शेतात उतरलेल्या एखाद्या पेडणेकरावर कुणी चित्रपट काढला तर मला राजपार्टाला नट शोधायला तिकडचीच एखादी जत्रा गाठावी लागेल, हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही.

कुणी मला विचारलं की पेकचं पाहायला सुरुवात कुठून करू, तर मी ‘द गनफायटर’ सांगते. १९५० चा, हेन्री किंगचा, दीड तासाच्या आत संपणारा. जिमी रिंगो हा नामांकित बंदूकबाज आता कंटाळलाय. एका गावात दारूच्या गुत्त्यात बसून तो बायकोच्या निरोपाची वाट बघतो, भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकतं आणि बाहेर प्रत्येक पोरगा त्याला मारून नाव कमवायला टपलेला. पेक जवळजवळ सगळा वेळ खुर्चीत आहे. ओठावर जाड, ओघळलेली मिशी. त्या मिशीनं आमचे लाखो डॉलर बुडवले, असं स्टुडिओवाले म्हणत. लोकांना त्यांचा देखणा पेक हवा होता. मला ती मिशी फार आवडते. ती काढून टाकली असती तर रिंगो तरुण दिसला असता, आणि मग त्याला उठून घोड्यावर बसून निघून जाणं परवडलं असतं.